ड्रम नवा होता

सक्करदरा, नागपूर
रविवार, ८ सप्टेंबर २०२४

श्रीधरभाऊ, नमस्कार.

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर आज सकाळी एक माशी मरून बसलेली दिसली. तुम्ही म्हणाल, सत्तावीस वर्षांनी पत्र लिहिलं या माणसाने आणि आरंभ काय, तर मेली माशी. पण ती साधीसुधी मेली नव्हती. काचेवर उंच चढून, सोंड काचेला चिकटवून, पंख उभे करून बसली होती. पोटावर पांढरे पट्टे आणि भोवताली पिठाचं गोल रिंगण, कोणी चिमटीने रांगोळी सोडावी तसं. प्रेमलता फडकं घेऊन आली. मी म्हटलं, थांब वं, पुसू नको. तर म्हणते, "आता माशीचं बी सुतक धरून राहिले का तुमी?"

ही बुरशी माशीच्या अंगात शिरते, आतून तिला पोखरते आणि मरायच्या आधी उंचावर चढायला लावते. वरून बीज उडालं की खालच्या दहा माश्यांवर पडावं म्हणून. हे मला तुम्हीच सांगितलं होतं, प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात, चहाच्या वेळी. मी विचारलं होतं की बुरशीला डोकं कुठे असतं. तुम्ही म्हणालात, "रुपरावजी, डोकं नाही म्हणूनच तर एवढी हुशार आहे." मी सातवी पास, बाटल्या धुणारा, ज्वारी उकडणारा रोजंदारीचा माणूस. तोवर बुरशी म्हणजे लोणच्यावर येते ती, एवढंच माझं ज्ञान होतं.

तुमचा पत्ता काटोलच्या देवरावने दिला. तुमच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका त्याला जबलपूरहून आली म्हणे. मला आली नाही, त्याबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. तुम्ही तिकडे शाळेत विज्ञान शिकवता हेही त्यानेच सांगितलं. त्या पोरांचं नशीब चांगलं.

ती दुपार आठवते का? देवरावच्या संत्र्याच्या बागेत झाडांचे शेंडे वाळत होते, मुळांत सूत्रकृमी लागले होते. फक्त बांधावरचं एक झाड हिरवंगार होतं. त्याच्या बुडाची माती तुम्ही पिशवीत भरून आणली, काचेच्या बशीत ठेवली आणि पंधरा दिवस आपण दोघं पाळीपाळीने सूक्ष्मदर्शकात, माझ्या भाषेत दुर्बिणीत, डोळा घालून बसलो. सोळाव्या दिवशी तुम्ही जेवायला गेला होता आणि ते मला दिसलं. बुरशीच्या धाग्याला बारीक बारीक कड्या. एक कृमी शेवईसारखा वळवळत आला, कडीत डोकं घातलं, आणि कडी फुगली. बस्स, डोळ्याचं पातं लवायच्या आत. मग शेवई नुसती फटके मारत राहिली. मी डबा तुमच्या हातातून ओढून तुम्हाला आणलं होतं. तुमच्या हाताला वरण लागलेलं, तसेच दुर्बिणीला चिकटलात. वरणाचा डाग त्या दुर्बिणीवर मी शेवटपर्यंत पुसला नाही. तुम्ही वहीत तिचं लांबलचक नाव लिहिलंत. मी तिला फासेवाली म्हणायला लागलो आणि आठवड्याभरात तुम्हीही.

पत्र लिहायचं कारण. देवराव म्हातारी झाडं काढून नवी लावतो आहे. यंदाचा संत्रा उतरला की जेसीबी लावणार, बांधावरच्या झाडासकट. तुम्ही गेल्यावर फासेवालीची नळी मी दोन वर्षं जगवली. पुढे प्रयोगशाळेच्या साहेबांनी फ्रीज रिकामा करायला लावला. आता ती असली तर त्या एका झाडाखालीच. म्हटलं, तुम्हाला कळवावं.

आणखी एक गोष्ट लिहायची होती, पण पान संपलं.

तुमचा
रुपराव


सक्करदरा
रविवार, २९ सप्टेंबर २०२४

श्रीधरभाऊ,

मागच्या पत्रात पान संपलं असं लिहिलं. संपलं नव्हतं. मागची बाजू कोरी होती.

तुमचं उत्तर नाही, त्याची तक्रार नाही. काल काटोलला जाऊन आलो. एसटीत आता मला अर्धंही तिकीट लागत नाही, पण कंडक्टरने आधार कार्ड मागितलं नाही, तोंडाकडे पाहूनच सोडलं. त्याचंच जरा वाईट वाटलं.

देवराव वाकला आहे, जीभ मात्र सरळ आहे. मला पाहून म्हणाला, "काहून गा रुपराव, पेन्शन लागली तशी वाट भुलला. आता काय माती खायाले आला का?" मी म्हटलं, खायला नाही, न्यायला. मग आम्ही दोघं बांधावर गेलो. झाड आहे. खोड पोकळ वाजतं, दोन फांद्या वाळल्या, पण बाकी झाडांकडे पाहिलं तर अजून तेच तालेवार. यंदा त्याला बऱ्यापैकी संत्रा धरला आहे.

बुडाशी उकरलं तर आधी हुमणी निघाली, गोळा होऊन मेलेली आणि सगळी हिरवी. देवराव म्हणाला, पोपटाने रंगवली काय. मग मी त्याला तुमच्याच शब्दांत सांगितलं: बुरशीचं बीज अळीच्या कातडीवर पडतं, तिथेच रुजतं, कातडीला भोक पाडून आत जातं, अळीला खाऊन संपवतं आणि मग पुन्हा बाहेर येऊन हिरवा सदरा घालून बसतं, पुढच्या अळीची वाट पाहत. देवराव ऐकत राहिला. म्हणाला, "श्रीधर बी असाच बोले. त्याचं बोलणं आयकलं की वावरात पाय ठेवाचा भेव वाटे." मग थोडा वेळ आम्ही दोघं तुमच्याबद्दलच बोललो. पहिल्यांदा बागेत आलात तेव्हा पाय घसरून पाटात पडलात, पण हातातली मातीची पिशवी कोरडी ठेवलीत, ते. देवरावच्या आईने केलेलं पाटोडीचं तिखट कालवण खाऊन तुमच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तरी मागून घेतलंत, ते.

माती दोन पिशव्या आणली. घरी माझी एक जुनी दुर्बीण आहे, भंगारात मिळालेली, एका डोळ्याची. निवृत्त झाल्यावर लोक देवळात बसतात, मी तिच्यापाशी बसतो.

गोठ्यात जनावरांच्या पाण्याला ठेवलेला एक निळा पडलेला प्लास्टिकचा ड्रम दिसला. देवराव सहज म्हणाला, तुझ्या त्या वेळचाच आहे, ओळखला का. मी हो म्हटलं आणि बसची वेळ झाली म्हणून निघालो. बसला अजून तास होता.

तुमचा
रुपराव


सक्करदरा
रविवार, २० ऑक्टोबर २०२४

श्रीधरभाऊ,

कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही, असं आई म्हणायची. मी सत्तावीस वर्षं टोपलीवर बसून आहे. आज उठतो.

जून १९९६. देवरावच्या विहिरीकडच्या चाळीस झाडांपैकी वीस झाडांना फासेवाली द्यायची होती, विसांना नाही. तुमची पीएचडी त्या वीस झाडांवर उभी होती. मी महिनाभर ज्वारी उकडून तिच्यावर बुरशी वाढवली होती, बाटल्या कशा कापूस भरल्यासारख्या झाल्या होत्या. आणि ऐन वेळी तुम्हाला कावीळ झाली. मी भेटायला आलो तेव्हा तुमचे डोळे हळदीसारखे. तुम्ही म्हणालात, "रुपरावजी, सगळं तुमच्या हातात. एकच करा, ड्रम नवा वापरा. बागेतला कुठलाही ड्रम नको." तेवढ्यासाठी तुम्ही साहेबांच्या मागे लागून पांढरा, कोरा ड्रम मंजूर करून घेतला होता.

पहाटेची एसटी गाठायची म्हणून तो ड्रम मी दोन दिवस आधी घरी आणून ठेवला. गल्लीत लहानूच्या मुलीचं लग्न होतं. आमच्या गल्लीची रीत तुम्हाला ठाऊक आहे, लग्न एकाच्या घरी आणि खाटा, स्वयंपाकाचे गंज, पातेली सगळ्यांच्या घरची. लहानू आला, म्हणाला, नळाला पाणी नाही, वऱ्हाड दीडशे, एका दिवसाचा सवाल आहे. मी ड्रम दिला. नाही म्हणायचं मला सुचलंच नाही, इतकी ती रीत अंगात मुरलेली. दुसऱ्या दिवशी पहाटे आणायला गेलो तर ड्रम नाही. आचाऱ्याच्या गाडीत त्याच्या भांड्यांबरोबर हिंगण्याला गेलेला, पुढच्या लग्नाला. आणि माझ्या अंगणात बुरशीच्या बाटल्यांच्या दोन गोण्या भरून तयार. त्या थांबणाऱ्या नव्हत्या.

मी गोण्या घेऊन तसाच निघालो. देवरावने त्याचा ड्रम दिला. तोच, गोठ्यातला. दरवर्षी खोडांना लावायचं मोरचूद आणि चुन्याचं पाणी त्यात कालवायचा. बुडाशी निळ्या खरपुड्या बसलेल्या. मी तीन बादल्या पाण्याने धुतला, नारळाच्या शेंडीने घासला. थोडी निळाई राहिली ती राहिली.

मोरचूद हा बुरशीचा काळ. खोडाला लावतात तो त्याचसाठी. मला ते ठाऊक होतं का? अर्धं ठाऊक होतं. पुरतं ठाऊक असतं तर हात थांबला असता, आणि मुळीच ठाऊक नसतं तर आज झोप लागली असती.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. वर्षभराने दिलेली वीस आणि न दिलेली वीस, सगळी सारखीच वाळली. साहेबांच्या खोलीत आपण तिघंच होतो. त्यांनी विचारलं, ड्रम नवा होता ना? तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. माझ्या कायम होण्याचा कागद त्याच आठवड्यात त्यांच्या टेबलावर सहीला होता, त्या बाजूला माझी नजर गेली. मी म्हटलं, "नवा होता, साहेब."

मग साहेब तुम्हाला म्हणाले की म्हणजे तुमच्या कड्या फक्त तुमच्या वहीत आहेत. आठ दिवसांत तुम्ही सामान बांधलंत.

ते सगळं सोसलं असतं मी. पण फाटकाशी तुम्ही जे बोललात ते अजून कानात आहे. "रुपरावजी, तुमच्या हातावर माझा भरवसा आहे, म्हणजे चूक माझ्या बुरशीतच असणार."

तुम्ही गेल्यावर दीड वर्षाने मी देवरावकडून त्या ड्रमच्या खरपुडीचा चिमूटभर तुकडा आणला. फासेवाली सोडलेल्या ज्वारीच्या दोन बाटल्यांपैकी एकीत टाकला, दुसरीत नाही. दुसरीत आठ दिवसांत कापूस. पहिलीत ज्वारी तशीच, ओली, उघडी. त्या दिवशी मी जेवलो नाही आणि प्रेमलताला डोकं दुखतं म्हणून सांगितलं.

ड्रममुळेच प्रयोग फसला हे छातीवर हात ठेवून आजही सांगता येणार नाही. त्या वर्षी पाऊसही वेडावाकडा झाला होता. पण प्रश्न पावसाचा नव्हता, ड्रमचा होता, आणि त्याचं खरं उत्तर एकट्या मलाच माहीत होतं.

पत्रिकेवर तुमचा फोन नंबरही होता. फोन नाही केला. मला भीती वाटली, तुमचा आवाज ऐकला की मी पुन्हा एकदा 'नवा होता' म्हणून मोकळा होईन.

माफी मागायला जीभ रेटत नाही. तुम्ही द्याल म्हणून तर मुळीच मागू नये. फक्त चूक तुमच्या बुरशीत नव्हती, एवढं तुम्हाला कळावं.

रुपराव


सक्करदरा
रविवार, १० नोव्हेंबर २०२४

श्रीधरभाऊ,

दिवाळी झाली. तुमच्याकडून काही नाही. मी टपालाच्या पेटीकडे रोज पाहतो आणि रोज स्वतःला म्हणतो, आता का बघतोस गा, तुला काय पाहिजे?

मागचं पत्र टाकल्यावर प्रेमलताला सगळं सांगितलं. ती चिवडा भाजत होती. झारा हातात तसाच धरून ऐकत राहिली. मग म्हणाली, "सत्तावीस वर्ष मले नाई सांगतलं, त्याचं मी मंग पाहून घेईन. पण पहिले त्याले लिवलं ते बरं केलं." चिवडा थोडा करपला. तसाच खातो आहोत.

देवरावलाही जाऊन सांगितलं. त्याचीही वीस झाडं होती, त्याचा हक्क होता. तो उठून गोठ्यातल्या ड्रमपर्यंत जाऊन आला. मग म्हणाला, "म्हंजे माह्याच ड्रमानं माह्यी झाडं खाल्ली." त्या दिवशी त्याने मला चहा विचारला नाही. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा. निघताना मी विनंती केली की बांधावरचं झाड तेवढं राहू दे, त्याच्या बुडाशी फासेवाली असेल. तो म्हणाला, "श्रीधरनं येऊन, पाहून सांगतलं तं ठेवतो. तुह्या सांगण्यावर नाई." जेसीबी पंधरा डिसेंबरला लागतो आहे.

बोलला ते खरंच बोलला.

आता बशीचं सांगतो. कृमी वेगळे काढायला गाळणीवर मलमल टाकून माती भिजत ठेवली. बशीत घालायला इतवारीतून चायना ग्रास आणलं, कुकरमध्ये शिजवलं. प्रेमलता म्हणाली, घरच्या माणसाला कधी त्याची बर्फी केली नाही आणि जंतूंना पंगत. सत्तावीस ऑक्टोबरला माती बशीत टाकली, वरून कृमी सोडले. आज पंधरावा दिवस. रोज सकाळी उन्हं खिडकीत आली की दुर्बीण घेऊन बसतो. आधी नुसतेच धागे होते. काल धाग्याला काहीतरी गोल दिसलं. एक कृमी त्याच्याजवळ निपचित पडला होता.

श्रीधरभाऊ, ती कडी होती का, मी सांगणार नाही. माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरतो आहे, दुर्बीण भंगारातली आहे, आणि मला ती दिसायला पाहिजे आहे. अशा माणसाने दिसली म्हणू नये. एकदा मी पाहिलं एक आणि सांगितलं दुसरंच. या वेळी तुम्ही पाहून सांगा. नसेल तर नाही म्हणा, मी ऐकून घेईन. देवरावला मी बशीतलं काहीच कळवलेलं नाही.

बशी वाळायला लागली तर काय करायचं, तेवढं तरी कळवा. बाकी काही नका लिहू.

रुपराव


सक्करदरा
रविवार, १ डिसेंबर २०२४

श्रीधरभाऊ,

तुमचं कार्ड गुरुवारी मिळालं. पोस्टमन म्हणाला, आजकाल कार्ड कोण लिहितं काका. मी त्याला पाणी दिलं, चहा दिला, तो घाईत होता तरी बसवून दिला.

चार ओळी आहेत. पाठ झाल्या आहेत, तरी इथे लिहितो, म्हणजे मी नीट समजलो की नाही ते तुम्हाला कळेल.

"जुनी बशी वाळली असेल, टाकू नका, झाकून ठेवा. त्याच मातीची नवी लावा, कृमी आधीपेक्षा जास्त सोडा. उन्हात ठेवू नका, फ्रीजमध्येही नको. शनिवारी सात तारखेला सकाळच्या गाडीने येतो, चांगली दुर्बीण आणतो."

खाली सही. मागच्या गोष्टीचा एक शब्द नाही. प्रेमलताने कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, रागावले आहेत की नाही? मी म्हटलं, मला नाही सांगता येत. पण ज्या माणसावर भरवसा नसतो त्याला कोणी बशी लावायला सांगत नाही, असं मी मनात म्हटलं. तेही चुकीचं असेल. शनिवारी कळेल.

नवी बशी तुमचं कार्ड यायच्या आधीच, अठरा तारखेला लावून ठेवली होती. शनिवारी तिला एकोणीस दिवस होतील. कपाटात, डाळीच्या डब्यांमागे ठेवली आहे. जुनी झाकून बाजूला. मी दुर्बीण पुसून ठेवून दिली आहे, त्यातून पाहत नाही. देवरावला तुमच्या येण्याचं कळवलं. तो म्हणाला, रविवारी घेऊन ये, जेवायलाच या. मग म्हणाला, "तू बी ये."

स्टेशनवर मी येईन. मला ओळखाल की नाही कोण जाणे. केस गेले, कान तेवढे तसेच आहेत.

बशीत असलीच फासेवाली, तर तुम्ही ज्वारीवर वाढवायला काढाल, तुमचा स्वभाव मला माहीत आहे. पुढे मातीत द्यायला ड्रम लागेल. म्हणून काल एक आणून ठेवला. पांढरा, कोरा, आतून हात फिरवून पाहिला.

आज सकाळी गल्लीतली माणसं आली होती. लहानूच्या नातवाचं लग्न आहे, आठ तारखेला. खाटा नेल्या, गंज नेले, परात नेली. मग अंगणातल्या ड्रमकडे बोट दाखवलं. प्रेमलता दारातून माझ्याकडे पाहत होती.

दिला नाही.

तुमचा
रुपराव